एकसंध पट्ट्याच्या जुन्या जपानी क्वार्ट्झ घड्याळांचा संग्रह

१९७० व १९८० च्या दशकांत सेइको, सिटिझन आदी जपानी कंपन्यांनी क्वार्ट्झ यंत्रावर चालणारी अशी मनगटी घड्याळे तयार केली की ज्यांचा धातूचा पट्टा थेट घड्याळाच्या कवचातूनच निघाल्यासारखा दिसतो. ही घड्याळे शोधणे, ओळखणे, चालती ठेवणे व जतन करणे हा एक स्वतंत्र छंद झाला आहे. घड्याळसंग्राहकांच्या जगात ती दीर्घकाळ उपेक्षित होती. किल्लीच्या घड्याळाला कारागिरीचा मान मिळाला आणि सेलवर चालणारे घड्याळ ‘वापरा व टाका’ या वर्गात ढकलले गेले. हा समज पहिल्या दीड दशकातील जपानी क्वार्ट्झ घड्याळांना लागू पडत नाही. त्यांतील चांगल्या प्रतीची यंत्रे धातूची, माणकाच्या खड्यांवर टेकलेल्या चाकांची आणि खोलून साफ करता येतील अशी केलेली होती. त्यांचे आयुष्य खरे अडते ते दोन ठिकाणी : पट्ट्याच्या कड्या आणि यंत्रातील विद्युतमंडल. या दोन्हींचे सुटे भाग आज कारखान्यातून मिळत नाहीत. त्यामुळे एक घड्याळ वाचवण्यासाठी पुष्कळदा दुसरे मोडावे लागते. या छंदातील बहुतेक निर्णय याच पेचाभोवती फिरतात.

एकसंध पट्टा

नेहमीच्या घड्याळाच्या कवचाला वर व खाली दोन-दोन कान असतात. त्यांमध्ये स्प्रिंगची पिन बसवून पट्टा अडकवला जातो. कानांमधील अंतर ठरावीक, बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर, असल्यामुळे बाजारातला त्या मापाचा कोणताही पट्टा चालतो. एकसंध रचनेत हे कान नसतात किंवा ते कवचाच्या पोटात दडलेले असतात. पट्ट्याची पहिली कडी त्या विशिष्ट कवचाच्या खाचेत बसेल अशीच कापलेली असते आणि कवचाची रेषा न तुटता पट्ट्यात उतरते. दिसायला हे देखणे असते, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पट्टा हरवला वा तुटला तर दुसरा कोणताही पट्टा त्या घड्याळाला बसत नाही.

या घाटाची कीर्ती स्वित्झर्लंडमधून पसरली. जिनेव्हात जन्मलेले आरेखक जेराल्ड जेंटा (१९३१–२०११) यांनी ओडमार पिगे कंपनीसाठी आखलेले ‘रॉयल ओक’ १९७२ मध्ये आले. पोलादी असूनही ते सोन्याच्या घड्याळांच्या किमतीला विकले जाई. पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ १९७६ चे, तेही त्यांचेच. मात्र हा घाट केवळ किल्लीच्या वा स्वयंचलित घड्याळांचा होता असे मानणे चुकीचे ठरेल. रोलेक्सने १९७० मध्ये काढलेल्या पहिल्या क्वार्ट्झ घड्याळाचा पट्टाही एकसंधच होता आणि जिरार-पेरेगो कंपनीचे १९७५ चे ‘लॉरिआटो’ क्वार्ट्झच होते. त्या काळात क्वार्ट्झ ही सर्वांत महाग व सर्वांत नवी गोष्ट होती. नव्या यंत्राला नवे रूप द्यावे, असा विचार त्यामागे दिसतो.

‘स्पोर्ट्स घड्याळ’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा लागतो. पोलादी कवच, पाण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण, अंधारात दिसणारे काटे आणि रोजच्या वापराला सोसेल असा पट्टा एवढेच त्यातून अभिप्रेत असते. पाणबुड्यांसाठीची घड्याळे हा निराळा विषय आहे.

पार्श्वभूमी

गारगोटीच्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट बाजूने, स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो कंप पावतो. या कंपनांवर चालणारे पहिले घड्याळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९२७ मध्ये तयार झाले. ते प्रयोगशाळेतच ठेवावे लागे इतके मोठे होते. ते मनगटावर आणण्याच्या शर्यतीत स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील संशोधन केंद्र आणि जपानमधील सुवा सेइकोशा हे दोघे अग्रेसर होते. सुवा हे नागानो प्रांतातील सरोवराकाठचे गाव आहे. सेइकोच्या समूहात सुवा व तोक्योतील दाइनी असे दोन कारखाने होते आणि ते एकमेकांशी जाणूनबुजून स्पर्धा करीत. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये सेइकोने वेळमापनासाठी हलवता येण्याजोगे क्वार्ट्झ घड्याळ वापरले. त्यानंतर पाच वर्षांनी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, सुवाचे ‘क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन’ तोक्योत विक्रीस आले. सोन्याच्या कवचातील या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारगाडीएवढी होती. महिन्याला ५ सेकंदांपेक्षा अधिक चूक होणार नाही अशी त्याची हमी होती. चांगले किल्लीचे घड्याळ एवढी चूक एका दिवसात करीत असे.

यानंतर क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त होत गेली. स्विस उद्योगातील रोजगार १९७० मधील सुमारे ९० हजारांवरून १९८० च्या दशकात ३० हजारांच्या आसपास आला. संग्राहकांना रस आहे तो मधल्या अल्पकाळात. तेव्हा क्वार्ट्झ सर्वांच्या आवाक्यात आले नव्हते आणि जपानी कंपन्या आपले सर्वोत्तम पोलादकाम त्याच यंत्रांभोवती करीत होत्या.

यंत्र

क्वार्ट्झ घड्याळाचे तत्त्व शाळकरी मुलालाही दोनाच्या घातांकांवरून समजावता येते. चिमट्याच्या आकाराचा लहानसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. विद्युतमंडल तिचे पंधरा वेळा निम्मे करते आणि शेवटी सेकंदाला एक असा ठोका उरतो. तो ठोका कॉइलमधून जातो, छोटी मोटर अर्धा वेढा फिरते आणि सेकंदकाटा एक घर पुढे उडी घेतो. अ‍ॅस्ट्रॉनमधील स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळाच, म्हणजे दोनाच्या तेराव्या घाताइतका, कंप पावत असे.

चिमटाकार स्फटिकाचा शत्रू तापमान आहे. तो साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद कंप पावतो आणि त्याहून उष्ण वा थंड झाला की मंदावतो. मनगटावर असलेले घड्याळ शरीराच्या उबेमुळे स्थिर राहते, तर खणात पडलेले घड्याळ थंडीत मागे पडते. यावर जपानी कारखान्यांनी दोन वेगळे मार्ग काढले. सिटिझनने ‘क्रिस्ट्रॉन मेगा’ या घड्याळात सेकंदाला ४१,९४,३०४ कंपने करणारा, तापमानाला फारसा न जुमानणारा स्फटिक वापरला आणि वर्षाला केवळ ३ सेकंदांच्या चुकीची हमी दिली. हे घड्याळ १९७० च्या दशकाच्या मध्यातले आहे. सेइकोने १९७८ मध्ये ‘ट्विन क्वार्ट्झ’ आणले. त्यात एक स्फटिक वेळ मोजतो व दुसरा तापमान, आणि दोहोंच्या फरकावरून दुरुस्ती होते. या यंत्रांत ‘सुपीरियर’ वर्षाला ५ सेकंद, ‘ग्रँड’ १० सेकंद आणि ‘किंग’ २० सेकंद अशा चढत्या चुकीच्या प्रती होत्या. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळांची चूक महिन्याला १५ सेकंदांपर्यंत असते, हे ध्यानात घेतले तर त्या कारखान्यांची महत्त्वाकांक्षा कळते.

संग्राहकांच्या आवडीची घड्याळे

सर्वांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे ‘लोकोमोटिव्ह’. सेइकोच्या ‘क्रेडॉर’ या उच्च श्रेणीच्या नावाखाली ते १९७९ मध्ये आले. त्याचा आराखडा खुद्द जेराल्ड जेंटा यांचा होता. काचेभोवतीची कडी षटकोनी, तिच्यावरचे स्क्रू षटकोनी आणि पट्ट्याच्या मधल्या कड्यांतही षटकोनाचीच आठवण. रेल्वे इंजिनाचे नावही जेंटा यांनीच सुचवले. क्रेडॉरला हे घड्याळ पुढे ओढून नेईल, अशी त्यामागील कल्पना होती. आत क्वार्ट्झ यंत्र होते. जेंटा यांची इतर घड्याळे कोट्यवधींच्या बोलीत गेली तरी हे जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. क्रेडॉरच्या पन्नासाव्या वर्षी, २०२४ मध्ये, कंपनीने ते टायटॅनियममध्ये पुन्हा काढले. फक्त ३०० नग, आणि त्यांत क्वार्ट्झऐवजी स्वयंचलित यंत्र होते. मूळ घड्याळाचे यंत्र बदलून त्याचे स्मारक करणे हा क्वार्ट्झला अजूनही मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीचाच नमुना म्हणावा लागेल.

सेइकोच्या ‘ग्रँड क्वार्ट्झ’ व ‘किंग क्वार्ट्झ’ या मालिका प्रामुख्याने जपानच्या देशी बाजारासाठी होत्या. त्यांतील बऱ्याच नमुन्यांचे कवच उशीसारखे फुगीर, कान दडलेले आणि कडा धारदार आहेत. दैनंदिन वापराच्या ‘टाइप टू’ व ‘सिल्व्हर वेव्ह’ या घड्याळांत एकसंध पट्ट्याचे स्वस्त नमुने सापडतात, आणि नवशिक्याने येथूनच आरंभ करावा असा जाणकारांचा सल्ला असतो. सिटिझनच्या बाजूला क्रिस्ट्रॉन मालिकेखेरीज १९८० च्या दशकातील ‘अ‍ॅना-डिजि टेम्प’ उल्लेखनीय आहे. काटे, अंक आणि तापमापक एकाच आयताकृती पोलादी फलकावर मांडलेले हे घड्याळ अलीकडे पुन्हा निघाले आहे. १९८३ चे सेइको ७ए२८ हे काट्यांचे पहिले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ यंत्र होय. त्यात पंधरा खडे होते व ते पूर्णपणे खोलता येत असे.

२०२१ मध्ये स्विस कंपनी टिसोने आपले १९७८ चे ‘पीआरएक्स’ हे एकसंध पट्ट्याचे क्वार्ट्झ घड्याळ पुन्हा बाजारात आणले. त्यानंतर या घाटाविषयी नव्या पिढीचे कुतूहल वाढले आणि जुन्या जपानी घड्याळांकडेही नजरा वळल्या.

क्रमांकांचे वाचन

सेइकोच्या मागील झाकणावर चार-चार अंकांचे दोन गट असतात, उदाहरणार्थ ९९४३-८०३०. पहिला गट यंत्राचा व दुसरा कवचाचा. त्याखेरीज एक अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना दाखवतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी अनुक्रमे ओ, एन व डी ही रोमन अक्षरे येतात. ‘९५’ने सुरू होणारा अनुक्रमांक म्हणजे नऊने संपणाऱ्या वर्षाचा मे महिना. मात्र दशक कोणते, हे यंत्राच्या काळावरून ताडावे लागते. ट्विन क्वार्ट्झच्या वरील यंत्रासाठी उत्तर १९७९ हेच येईल. सिटिझनच्या अनुक्रमांकात पहिला अंक वर्षाचा व पुढचे दोन महिन्याचे असतात. वाराच्या खिडकीत चिनी-जपानी लिपीतील अक्षर दिसले तर ते घड्याळ बहुधा जपानच्या देशी बाजारातले असते. तबकडीवर ‘एसक्यू’ ही अक्षरे असलेली सेइको घड्याळे निर्यातीच्या मालात अधिक भेटतात.

पारख

जपानी लिलावांत बंद घड्याळे ‘जंक’ या शीर्षकाखाली ढिगाने विकली जातात. या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही आणि हुरळून जाण्याचेही नाही. बंद असलेल्या घड्याळांपैकी पुष्कळ केवळ वाळलेल्या तेलामुळे अडकलेली असतात. मोटरची ताकद फारच कमी असल्यामुळे चिकट झालेले एक चाकही तिला थांबवायला पुरते. ती उघडून, धुऊन, नवे तेल दिले की पुन्हा चालू लागतात. सेल फुटून क्षार पसरला असेल, किंवा केसाहून बारीक तारेची कॉइल तुटली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. कॉइल शाबूत आहे की नाही हे साध्या मल्टिमीटरने कळते. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारीत असेल तर अनेक यंत्रांत ती बिघाडाची नव्हे, सेल संपत आल्याची खूण असते.

पारख करताना यंत्राआधी पट्टा पाहावा. त्या काळचे जपानी पट्टे मुळातच लहान मनगटांसाठी असत आणि पहिल्या धन्याने दोन-चार कड्या काढून टाकलेल्या असतात. त्या कड्या बहुधा घड्याळाबरोबर येत नाहीत. पूर्ण लांबीचा पट्टा असलेले घड्याळ आणि चार कड्या कमी असलेले तेच घड्याळ यांच्या किमतीत म्हणूनच मोठे अंतर पडते. पट्टा हातात आडवा धरला असता तो धनुष्यासारखा खाली लोंबत असेल तर कड्यांच्या पिना व भोके झिजली आहेत असे समजावे. पत्रा वाकवून केलेल्या कड्यांत हा दोष लवकर येतो, भरीव कड्यांत उशिरा. शेवटी चकाकी पाहावी. मूळ कवचावर रेघांचा खरखरीत भाग आणि आरशासारखा भाग यांच्यामधली सीमा सुरीसारखी स्पष्ट असते. दुकानदाराने पॉलिशच्या चाकावर धरलेल्या घड्याळात ती सीमा विरघळते. एकसंध घड्याळात ही हानी दुहेरी होते, कारण कवचावरची रेघ पट्ट्यावरही पुढे चालू असावी लागते.

पाण्याविषयी एक सूचना. झाकणावर ५० वा १०० मीटरचा उल्लेख असला तरी तो नव्या घड्याळाचा होता. आतील रबरी कडी चाळीस वर्षांत कडक होते. असे घड्याळ हात धुतानाही काढून ठेवणे श्रेयस्कर.

दुरुस्ती आणि मोडतोडीचा प्रश्न

किल्लीच्या जुन्या घड्याळाचे चाक तुटले तर कुशल कारागीर नवे कापू शकतो. क्वार्ट्झ घड्याळातील संकलित मंडल मात्र कोणत्याही कार्यशाळेत हाताने घडवता येत नाही. ते ज्या कारखान्यात, ज्या काळी बनले, तेथेच बनू शकत होते. स्फटिक झिजत नाही, चाके साफ होतात, सेल बदलतो. मंडल गेले की ते यंत्र संपते. ट्विन क्वार्ट्झसारख्या अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांना हा धोका अधिक.

म्हणून दुरुस्ती करणारे ‘दाते’ घड्याळ ठेवतात. तबकडी खराब झालेले, पण मंडल जिवंत असलेले तेच यंत्र घ्यायचे आणि त्याचे अवयव दुसऱ्याला लावायचे. पट्ट्यांचेही तसेच. मोठ्या मनगटाच्या संग्राहकाला दोन लहान पट्टे घेऊन एक पुरेसा लांब करावा लागतो. प्रत्येक वेळी एक घड्याळ उभे राहते आणि एक कमी होते. याविषयी संग्राहकांत सरळ मतभेद आहेत. काहींच्या मते बंद घड्याळ खणात पडून राहण्यापेक्षा त्याच्या अवयवांनी दुसरे चालावे हेच बरे. इतर असे म्हणतात की सुट्या कड्या व मंडले विकून अधिक पैसे मिळतात म्हणून आता चालती घड्याळेही मोडली जातात, आणि हे जतन नव्हे. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. सुटा पट्टा मूळ घड्याळाहून महाग विकला जाऊ लागला की मोडतोड थांबवणारे काही उरत नाही. निदान ज्या घड्याळाचे कवच, तबकडी व पट्टा तिन्ही मूळचे आहेत ते बंद असले तरी मोडू नये, एवढा संकेत बरेच जाणकार पाळतात. संकेत मोडणाऱ्यावर अर्थात कोणाचा अंकुश नाही.

आजकाल काही जण बंद यंत्र काढून त्या जागी साधे नवे क्वार्ट्झ यंत्र बसवतात. घड्याळ चालते, परंतु वर्षाला पाच-दहा सेकंदांची ती जुनी अचूकता जाते आणि तबकडीवरची ‘ट्विन क्वार्ट्झ’ ही अक्षरे खोटी ठरतात. असा बदल केला असल्यास विकताना तो सांगणे आवश्यक आहे.

भारतातील संदर्भ

जपानी घड्याळांशी भारताचा संबंध जुना आहे. बंगळूरमधील एचएमटीच्या घड्याळ कारखान्याची १९६१ मधील सुरुवात सिटिझनच्या सहकार्याने झाली, तर हैदराबादच्या ऑल्विनने पुढे सेइकोशी सहकार्य केले. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात परदेशी घड्याळे चोरट्या मार्गाने किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून येत. मुंबईत मुसाफिरखान्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध होता आणि कोकणातील अनेक घरांत आखातात गेलेल्या कोणाच्या तरी हातचे ‘सीको’ वा सिटिझन आजही निघते. टायटनची क्वार्ट्झ घड्याळे १९८७ मध्ये आल्यावर या मालाचे अप्रूप ओसरले.

यामुळे महाराष्ट्रात सापडणारी अशी घड्याळे प्रायः निर्यातीच्या बनावटीची असतात. जपानी देशी बाजारातील ग्रँड वा किंग क्वार्ट्झ येथे क्वचितच आढळते. तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हा प्रकार सेइको ५ सारख्या स्वयंचलित घड्याळांत अधिक चालतो, तरी क्वार्ट्झ घड्याळ घेतानाही तबकडीवरील अक्षरांची कड भिंगाखाली पाहावी. छापलेली अक्षरे रेखीव असतात, हाताने रंगवलेली किंचित थरथरतात.

किनारपट्टीची दमट हवा व घाम यांमुळे पट्ट्याच्या कड्यांत मळ व क्षार साचतो. कोमट पाणी, साबण व मऊ ब्रश यांनी पट्टा, कवचापासून सोडवूनच, अधूनमधून धुवावा. याहून मोठे नुकसान होते ते जपून ठेवलेल्या घड्याळांचे. वडिलांची वा काकांची आठवण म्हणून घड्याळ रुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवले जाते, आत सेल तसाच राहतो आणि काही वर्षांत तो पाझरून मंडल खातो. न वापरायचे घड्याळ ठेवताना घड्याळजीकडून सेल काढून घ्यावा, आणि पट्टा लहान केला असल्यास काढलेल्या कड्या व पिना घड्याळाचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात घालून त्याच डबीत ठेवाव्यात.